निळा ट्रॅक आणि जुने दगड

बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियमचा विषय तिथल्या एखाद्या फुटबॉलवेड्यापाशी काढला, तर तो आधी हिटलरचं नाव घेत नाही. तो ट्रॅकबद्दल तक्रार करतो. हिरवळीभोवती ४०० मीटरचा निळाशार ट्रॅक आहे. गोलपोस्टमागच्या पूर्वेच्या अर्धगोलात उभं राहून घसा कोरडा करणाऱ्या हेर्था बर्लिनच्या पाठीराख्यांना आपला संघ त्या पट्ट्यापलीकडे, दूर कुठंतरी खेळताना दिसतो. पलीकडच्या जाळीत चेंडू गेला की बाहेरून निसटला, हे समोरच्या आरड्याओरड्यावरून ओळखायचं. त्यातून निळा हा हेर्थाचाच रंग. ज्या ट्रॅकनं त्यांना मैदानापासून लांब बसवलं, तोच त्यांच्या रंगात रंगवलेला आहे.

चौऱ्याहत्तर हजारांवर आसनं असलेलं हे स्टेडियम १९३६ पासून प्रत्येकालाच थोडंथोडं गैरसोयीचं ठरत आलं आहे. फुटबॉलवाल्यांना ट्रॅक नको. अ‍ॅथलेटिक्सवाल्यांना ट्रॅक हवा, पण एवढ्या खुर्च्या भरायला माणसं कुठून आणायची हा त्यांचा प्रश्न. सरकारला इतिहास अडचणीचा आणि वास्तुरचनाकारांना दगड. मला वाटतं, ते टिकलं ते या गैरसोयीच्या जोरावरच. एकाच धन्याच्या सोयीचं असतं, तर त्या धन्याची सोय बदलल्याबरोबर त्यावर बुलडोझर फिरला असता. जर्मनीत इतर शहरांत तसं झालेलंही आहे.

*

स्टेडियम ज्या जागी आहे तिथं आधी घोडे धावत. बर्लिनच्या पश्चिमेला ग्रुनेवाल्डचं जंगल आहे. त्याच्या कडेला १९०९ मध्ये रेसकोर्स उभा राहिला. त्याचे वास्तुरचनाकार होते ऑटो मार्श. पुढे १९१६ चं ऑलिम्पिक बर्लिनला मिळालं आणि स्टेडियमची गरज पडली, तेव्हा मार्शनी ते रेसकोर्सच्या मधोमध, चक्क जमिनीत खोदून बांधलं. कारण साधं होतं. जमिनीवर उंच गॅलऱ्या उभारल्या असत्या तर शर्यत बघायला आलेल्या लोकांना पलीकडचे घोडे दिसले नसते. पैसा घोड्यांचा होता, त्यामुळे खेळाडूंनी खड्ड्यात जायचं ठरलं.

८ जून १९१३ रोजी कैसर दुसऱ्या विल्हेल्मच्या उपस्थितीत या ‘जर्मन स्टेडियम’चं उद्घाटन झालं. बहुउद्देशीय हा शब्द आज आपल्याकडे कुठल्याही सभागृहाच्या पाटीवर लावतात. मार्शनी तो अक्षरशः पाळला होता. ६०० मीटरचा ट्रॅक, त्याच्या बाहेरून सायकलींसाठी सुमारे ६६६ मीटरचा आणखी एक ट्रॅक, मधे फुटबॉलचं मैदान आणि एका बाजूला १०० मीटर लांबीचा पोहण्याचा तलाव. सगळं एकाच खड्ड्यात. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं आणि १९१६ चं ऑलिम्पिक झालंच नाही.

१९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं बार्सिलोनाला मागे सारून १९३६ चे खेळ बर्लिनला दिले. तोवर ऑटो मार्श हयात नव्हते. काम त्यांच्या मुलाकडे, वेर्नर मार्शकडे आलं. मूळ बेत काटकसरीचा होता : वडिलांचंच स्टेडियम थोडं वाढवायचं. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. ५ ऑक्टोबर १९३३ रोजी तो जागा बघायला गेला आणि डागडुजीचा विषय तिथंच संपला. रेसकोर्स हटवा, जुनं स्टेडियम पाडा, सगळं नव्यानं बांधा, असा हुकूम सुटला. सुमारे १३२ हेक्टरवर ‘राइखस्पोर्टफेल्ड’ नावाचं क्रीडानगर आखलं गेलं. त्यात मुख्य स्टेडियम, पोहण्याचा तलाव, हॉकीचं स्टेडियम, खुलं नाट्यगृह आणि पश्चिमेला मायफेल्ड नावाचं प्रचंड पटांगण होतं. मायफेल्डवर अडीच लाख माणसं उभी राहतील असा हिशेब होता आणि तो खेळासाठी केलेला नव्हता.

मुलानं वडिलांची एक गोष्ट मात्र ठेवली, ती म्हणजे खड्डा. नव्या स्टेडियमचा खालचा अर्धा भाग जमिनीत सुमारे १२ मीटर खोल आहे. त्यामुळे बाहेरून ते फारसं उंच वाटत नाही. पूर्वेच्या दरवाजाशी दोन चौकोनी मनोरे आहेत, त्यांच्यामधे पाच वर्तुळं टांगलेली आहेत, आणि मागे दगडी खांबांची बसकी रांग. आत पाऊल टाकलं की माणूस एकदम गॅलरीच्या मध्यावर उभा असतो. अर्धा भाग डोक्यावर आणि अर्धा पायांखाली उतरत गेलेला. पश्चिमेकडे ही गोलाई एके ठिकाणी सरळ तोडली आहे. हा मॅरेथॉनचा दरवाजा. त्या फटीतून मायफेल्ड आणि त्यापलीकडचा घंटेचा मनोरा दिसतो. त्या मनोऱ्याच्या पायथ्याशी पहिल्या महायुद्धातल्या मृत सैनिकांचं स्मारक बांधलं होतं. खेळाचं मैदान, कवायतीचं पटांगण आणि रणस्मारक हे तिन्ही एका सरळ रेषेत आहेत. रचनाकारानं ही रेषा विचार करूनच ओढली होती, आणि पुढे नूतनीकरणात सगळ्यात जास्त डोकेदुखी हिनंच केली.

दगडांबद्दल एक किस्सा नेहमी सांगितला जातो. मार्शच्या आराखड्यात काँक्रीट आणि काच उघडी दिसत होती, ती पाहून हिटलर खवळला, ऑलिम्पिकच रद्द करायची भाषा करू लागला, आणि मग हिटलरचा वास्तुरचनाकार अल्बर्ट श्पेअर यानं रातोरात दगडी आवरणाचं रेखाटन काढून वेळ मारून नेली. किस्सा श्पेअरच्या आठवणींतला आहे आणि श्पेअर स्वतःच्या बाबतीत किती विश्वासार्ह होता याबद्दल इतिहासकारांना दाट शंका आहे. खरं काही असो, स्टेडियमचा सांगाडा आधुनिक लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटचा आहे आणि अंगावर चुनखडीच्या दगडाचं आवरण. आतून विसावं शतक, बाहेरून रोम.

*

१ ऑगस्ट १९३६ रोजी सुमारे एक लाख माणसांसमोर खेळांचं उद्घाटन झालं. ऑलिम्पियाहून मशाल धावत आणण्याची प्रथा याच वर्षी सुरू झाली. आज ती इतकी प्राचीन वाटते की तिचं जन्मस्थळ सांगितलं तर लोक विश्वास ठेवत नाहीत. जेसी ओवेन्सची चार सुवर्णपदकं शाळेच्या पुस्तकांतही आहेत, तेव्हा ती इथं पुन्हा मोजत नाही. त्याच सुमाराच्या दोन गोष्टी कमी सांगितल्या जातात. स्पर्धेच्या दोन आठवडे आधी, १६ जुलैला, पोलिसांनी बर्लिनमधल्या सुमारे ६०० रोमा आणि सिंती लोकांना उचलून शहराच्या पूर्व टोकाला मार्झानच्या छावणीत डांबलं. पाहुण्यांना शहर ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून. आणि ग्रेटेल बेर्गमान नावाच्या ज्यू मुलीनं उंच उडीत राष्ट्रीय विक्रमाशी बरोबरी केल्यानंतर काही आठवड्यांतच तिला संघातून वगळलं.

आपल्या लोकांचे पायही या आवाराला लागले आहेत. मुख्य स्टेडियमच्या शेजारी असलेल्या हॉकी स्टेडियमवर १५ ऑगस्ट १९३६ रोजी ध्यानचंदच्या संघानं जर्मनीला ८-१ असं हरवलं. सरावाच्या सामन्यात याच जर्मनीनं भारताला मात दिली होती, त्यामुळे संघ धास्तावलेला होता. सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत खेळाडूंनी काँग्रेसच्या तिरंग्याला गुपचूप सलाम केला. अधिकृत झेंडा अर्थातच ब्रिटिश इंडियाचा होता. जर्मनीनं केलेला तो एक गोल हा त्या अख्ख्या स्पर्धेत भारतावर झालेला एकमेव गोल.

त्याच उन्हाळ्यात अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला पोचलं होतं. अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य या भावांनी १९१४ मध्ये सुरू केलेली ही संस्था. वऱ्हाडातल्या आखाड्यात घडलेल्या त्या तरुणांनी परदेशी प्रेक्षकांना देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. कबड्डीची ऑलिम्पिकशी पहिली गाठ तिथंच पडली. कबड्डीच्या इतिहासावरच्या लेखांत ‘१९३६, बर्लिन’ एवढीच एक ओळ येते आणि लेख पुढे सरकतो. बोटीचा प्रवास, पदरचा खर्च आणि समोर नाझी राजवटीचा झगमगाट, असं सगळं ज्या तरुणांनी पाहिलं, त्यांच्यावर एक स्वतंत्र लेख व्हायला हवा.

*

दुसऱ्या महायुद्धात स्टेडियमचं पोट कामाला लागलं. तळघरांत दारूगोळ्याचे सुटे भाग तयार होत आणि विमानहल्ल्यात लोक आसऱ्याला येत. वर मैदानात खेळही चालू होता. २२ जून १९४१ रोजी पहाटे जर्मन फौजा सोव्हिएत युनियनमध्ये घुसल्या, आणि त्याच दुपारी इथं जर्मन फुटबॉलचा अंतिम सामना झाला. शाल्के ३, रॅपिड व्हिएन्ना ४. सामना पुढे ढकलावा असं कुणाला वाटलं नाही.

युद्ध संपल्यावर बर्लिनचे चार तुकडे झाले. हा भाग ब्रिटिशांकडे आला. त्यांनी उत्तरेकडच्या इमारतींत आपलं मुख्यालय थाटलं आणि १९९४ पर्यंत हलले नाहीत. ज्या मायफेल्डवर हिटलरसाठी संचलनं झाली, तिथं दर वर्षी इंग्लंडच्या राणीच्या वाढदिवसाचं संचलन होऊ लागलं. आणि ब्रिटिशच ते, तिथं त्यांनी क्रिकेटही सुरू केलं. एकाधिकारशाहीच्या भव्यतेची इतकी निवांत चेष्टा दुसऱ्या कुणाला जमली नसती.

घंटेच्या मनोऱ्याची गत वेगळी झाली. आगीत तो खिळखिळा झाला होता, म्हणून १९४७ मध्ये ब्रिटिश अभियंत्यांनी तो सुरुंगानं उडवला. जगाच्या तरुणाईला साद घालणारी अक्षरं कोरलेली पोलादी घंटा खाली पडून तडकली. पुढे मनोरा पुन्हा बांधायचं ठरलं, तेव्हा काम कुणाला द्यावं? १९३० च्या दशकात ज्यानं तो बांधला होता त्याच वेर्नर मार्शला. १९६० ते १९६२ या काळात त्यानं तो रणस्मारकाच्या दालनासकट जवळजवळ तसाच उभा केला. पश्चिम जर्मनीला तेव्हा त्यात काही खटकलं नाही. फुटकी घंटा आज स्टेडियमच्या बाहेर, जमिनीवर ठेवलेली आहे.

ऑगस्ट १९५१ मध्ये जेसी ओवेन्स परत आला, हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या बास्केटबॉल चमूबरोबर. सुमारे पंचाहत्तर हजार बर्लिनकर जमले होते. त्याच्या नावाचा रस्ता स्टेडियमच्या दक्षिणेला आहे; तो मात्र व्हायला १९८४ उजाडलं.

१९६३ मध्ये बुंडेसलिगा ही जर्मनीची फुटबॉल लीग सुरू झाली आणि हेर्था इथं भाड्यानं राहायला आली. त्या दशकातले दोन आकडे शेजारी ठेवण्यासारखे आहेत. १५ जानेवारी १९६६ रोजी टास्मानिया बर्लिन या दुबळ्या संघाचा सामना बघायला या अवाढव्य स्टेडियममध्ये ८२७ माणसं होती. २६ सप्टेंबर १९६९ रोजी हेर्था विरुद्ध कोलोन सामन्याला ८८,०७५. एक बुंडेसलिगाचा नीचांक, दुसरा उच्चांक. अशा इमारतीचा जमाखर्च बघणाऱ्या कारकुनाला रात्री झोप कशी लागत असेल!

१९७४ च्या विश्वचषकासाठी लांबीच्या दोन बाजूंवर पारदर्शक छप्पर आलं. स्पर्धेचे तीनच सामने बर्लिनला मिळाले, पण त्यांतल्या एकात पूर्व जर्मनीचा संघ भिंत ओलांडून पश्चिम बर्लिनमध्ये चिलीशी खेळला. १९८८ च्या युरोपीय स्पर्धेची आखणी होताना मात्र राजकारण आडवं आलं. पूर्वेकडचे देश पश्चिम बर्लिनला पश्चिम जर्मनीचा भाग मानायला तयार नव्हते, म्हणून यजमान शहरांच्या यादीतून बर्लिन गळलं. त्याची भरपाई म्हणून जर्मन चषकाचा अंतिम सामना कायमचा या स्टेडियमला मिळाला. १९८५ पासून तो इथंच होतो आहे. भाडेकरू येवो-जावो, ही तारीख ठरलेली.

*

भिंत पडली, देश एक झाला, बर्लिन राजधानी झालं, आणि साठीकडे झुकलेलं स्टेडियम गळायला लागलं. काँक्रीटला तडे गेले, दगडांच्या सांध्यांत पाणी शिरलं. १९६६ पासून ही इमारत संरक्षित वारसा होती, त्यामुळे मन मानेल तसं काही करता येत नव्हतं. २००० च्या ऑलिम्पिकसाठी बर्लिननं दावा केला, पण १९९३ मध्ये सिडनीनं बाजी मारली आणि त्या निमित्तानं येणारा पैसाही गेला.

मग वाद पेटला. काहींचं म्हणणं, पाडून टाका. काहींचं, शेजारी फक्त फुटबॉलचं नवं स्टेडियम बांधा आणि याला रोमच्या कलोसियमसारखं आपोआप ढासळू द्या. हा दुसरा प्रस्ताव ऐकायला काव्यमय आहे, पण मला तो सगळ्यात धोकादायक वाटतो. भग्नावशेषांना एक मोहिनी असते. हजार वर्षांनंतर आपल्या इमारतींचे अवशेषही भव्य दिसावेत, अशी खुद्द नाझींच्या वास्तुरचनाकारांची आस होती. तिला खतपाणी घालण्यापेक्षा तिथं शनिवारी दुपारी बिअर पीत माणसांनी मॅच बघावी, हे कितीतरी बरं.

डिसेंबर १९९८ मध्ये बर्लिननं नूतनीकरणाचा निर्णय घेतला. काम मिळालं फोल्कविन मार्ग यांच्या वास्तुरचना संस्थेला, म्हणजे ‘गेर्कान, मार्ग आणि भागीदार’ यांना. ३ जुलै २००० रोजी चॅन्सेलर गेऱ्हार्ड श्रोडर आणि फ्रान्झ बेकेनबाउअर यांच्या उपस्थितीत कामाला आरंभ झाला. २००६ चा विश्वचषक जर्मनीला मिळाल्याचं त्याच आठवड्यात जाहीर झालं. एकूण खर्च सुमारे २४२ दशलक्ष युरो, त्यातले १९६ दशलक्ष केंद्र सरकारचे.

चार वर्षं काम चाललं आणि चार वर्षं खेळही चालला. करारातली अटच तशी होती : हेर्थाचे सामने आणि चषकाचा अंतिम सामना थांबता कामा नये, दर वेळी किमान ५५,००० जागा तयार हव्यात. त्यामुळे गॅलरीचा एक तुकडा पाडायचा, बांधायचा, मग पुढचा घ्यायचा. एका अंगाला क्रेन आणि उघड्या सळ्या, दुसऱ्या अंगाला झेंडे आणि भोंगे. जानेवारी २००२ मध्ये खोदकामात प्रेक्षकांच्या आसनांखाली दुसऱ्या महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब सापडला. इतकी वर्षं माणसं त्याच्यावर बसून गोल साजरे करत होती.

वरचा मजला आणि खालचा मजला यांना मार्ग यांनी वेगळी वागणूक दिली. वरचा मजला, बाहेरचे खांब आणि दगडी आवरण ठेवायचं. दगड साफ करायचे, सांधे भरायचे, जिथं दगड गेलाच आहे तिथं नवा बसवायचा. खालच्या मजल्याचं काँक्रीट दुरुस्तीपलीकडे गेलं होतं, म्हणून ते पूर्ण पाडून नव्यानं बांधलं. त्याचा उतार वाढवला आणि मैदानच आणखी २.६५ मीटर खाली नेलं. ऑटो मार्शचा खड्डा असा नव्वद वर्षांनी पुन्हा खोल झाला. यात फुटबॉलवाल्यांना थोडं दान पडलं : खालच्या रांगा हिरवळीच्या जरा जवळ सरकल्या आणि पुढच्याच्या डोक्यावरून दिसू लागलं. ट्रॅक मात्र हलला नाही.

खरी कसोटी छपराची होती. विश्वचषकासाठी सगळ्या आसनांवर छप्पर हवं ही जागतिक फुटबॉल महासंघाची अट. वारसा खात्याची अट अशी की बाहेरून इमारतीची बसकी रेषा मोडता कामा नये, आणि मॅरेथॉनच्या दरवाजावरचं आकाश मोकळं राहिलं पाहिजे. आधुनिक स्टेडियमचं हलकं छप्पर सायकलच्या चाकासारखं असतं. आतली कडी, बाहेरची कडी आणि मधे ताणलेल्या तारा. हे चाक पूर्ण असेल तरच ताण तोलला जातो. इथं पश्चिमेला त्याचा एक तुकडा कापायचा होता, म्हणजे चाकाची युक्ती बाद. बाहेरून उंच खांब रोवून छप्पर टांगावं, तर बसकी रेषा मोडते. मग उरला तो जुना मार्ग : खाली टेकू देऊन छप्पर पुढे काढायचं. वरच्या मजल्यावर पोलादाचे वीस सडपातळ खांब उभे केले. वर जाऊन त्यांना झाडासारख्या फांद्या फुटतात, आणि त्यांच्या आधारानं ६८ मीटर रुंदीचं छप्पर मैदानाकडे झेपावतं. त्यावर टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूंचं पांढरं, प्रकाश झिरपू देणारं कापड वरून आणि खालून ताणलेलं आहे.

त्या वीस खांबांमागे ज्यांची जागा येते ते आजही कुरकुरतात. अडीचशे दशलक्षांच्या घरात खर्च करूनही खांब आड येतो म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. पण त्या खांबांच्या बदल्यात पश्चिमेची ती फट शाबूत राहिली. वर्तुळ पूर्ण केलं असतं तर मायफेल्ड, मनोरा आणि स्मारक ही रेषा नजरेआड झाली असती आणि स्टेडियम इतर कुठल्याही चकचकीत अरीनासारखं दिसलं असतं. दिवे छपराच्या आतल्या कडेला गोलाकार बसवल्यामुळे मैदानावर खेळाडूंच्या चारचार सावल्या पडत नाहीत. अतिथींच्या कक्षांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ते जगभर सारखेच असतात. तळघरात एक छोटं प्रार्थनागृह केलं आहे, भिंतींना सोन्याचा मुलामा दिलेलं. पेनल्टीच्या आधी तिथं कुणी जातं का, हे विचारायला हवं.

३१ जुलै आणि १ ऑगस्ट २००४ रोजी स्टेडियम पुन्हा खुलं झालं. ज्या कंपनीनं ते बांधलं ती वाल्टर बाऊ पुढच्याच वर्षी दिवाळखोरीत निघाली. निळा ट्रॅकही याच नूतनीकरणातला. ऑलिम्पिक स्टेडियमचा ट्रॅक विटकरी लाल असतो ही कल्पना त्यानं मोडली.

पुढचं सगळं टीव्हीनं घराघरांत पोचवलेलं आहे. ९ जुलै २००६, इटली-फ्रान्स अंतिम सामना, जादा वेळेत झिनेदिन झिदाननं मातेराझीच्या छातीवर मारलेली धडक. १६ ऑगस्ट २००९, निळ्या ट्रॅकवर उसेन बोल्ट, १०० मीटर, ९.५८ सेकंद, चार दिवसांनी २०० मीटर, १९.१९. दोन्ही विक्रम अजून अबाधित आहेत. त्याच स्पर्धेत लांब उडीची पदकं जेसी ओवेन्स आणि लुट्स लाँग या १९३६ च्या प्रतिस्पर्धी मित्रांच्या वारसांच्या हस्ते दिली गेली. २०२४ मध्ये युरो स्पर्धेचा अंतिम सामना इथंच झाला. स्पेननं इंग्लंडला २-१ असं हरवलं. मधे पोप येऊन गेले, रॉक बँड येऊन गेले, अमेरिकन फुटबॉलही झालं.

*

या काळात जर्मनीत एकेका शहरानं ट्रॅकला रजा दिली. हॅम्बुर्गनं जुनं स्टेडियम पाडून फुटबॉलचं बांधलं. शाल्केनं २००१ मध्ये पार्कस्टाडिओन सोडलं. बायर्न म्युनिक २००५ मध्ये १९७२ च्या ऑलिम्पिकचं देखणं स्टेडियम सोडून अलियान्झ अरीनात गेलं. श्टुटगार्टनं २००९ ते २०११ या काळात ट्रॅक उखडून गॅलऱ्या मैदानापर्यंत नेल्या. हेर्थालाही तेच हवं होतं : इथला ट्रॅक काढा, नाहीतर याच आवारात आम्हाला वेगळं स्टेडियम बांधू द्या. ट्रॅक काढायला वारसा कायदा आणि शहराची अ‍ॅथलेटिक्सची बाजू आड आली, वेगळ्या स्टेडियमच्या वाटेत जागा आणि पैसा. ‘इस्टाफ’ ही अ‍ॅथलेटिक्सची जुनी स्पर्धा १९३७ पासून या स्टेडियमशी जोडलेली आहे. वर्षातून एकदा ती भरते. हेर्थाचा सवाल असा की एका दिवसासाठी वर्षभर आम्ही लांब का बसायचं? सवाल रास्त आहे. तरी मी ट्रॅकच्या बाजूनं आहे. ट्रॅक काढला की ही वास्तू एका क्लबची होते, आणि क्लब आज वर तर उद्या खाली. २०२३ मध्ये हेर्था दुसऱ्या श्रेणीत घसरली, तेव्हा तिच्या मापानं कापलेलं स्टेडियम शहरानं काय करायचं होतं?

मे २०२० मध्ये भांडणाला वेगळं तोंड फुटलं. २००० ते २००४ च्या नूतनीकरणाच्या काळात बर्लिनचे नगरविकासमंत्री असलेले पेटर श्ट्रीडर यांनीच लेख लिहून आवारातले नाझीकालीन पुतळे हटवावेत, मायफेल्ड आणि मनोऱ्याचा पुनर्विचार करावा, असं सुचवलं. आपल्याच कारकिर्दीतलं जतन त्यांना आता फार सौम्य वाटू लागलं होतं. विरोधात वारसा अभ्यासक उभे राहिले आणि फोल्कविन मार्गही. पुतळे हटवले तर उरतं ते नुसतं सुंदर दगडी स्टेडियम, आणि ते इथं काय झालं याचा पत्ता लागू देत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. २००६ पासून आवारात माहितीफलक आहेत आणि मनोऱ्याखालच्या दालनात इतिहासाचं प्रदर्शन आहे. त्यावर भागवायचं की नाही, हा खरा मुद्दा. त्यात आता १९३६ ला शंभर वर्षं होण्याचा योग जवळ आला आहे. २०३६, २०४० किंवा २०४४ चं ऑलिम्पिक जर्मनीत आणण्यासाठी जे दावेदार पुढे आले त्यांत बर्लिन आहे, आणि २०३६ साठी ऑक्टोबर २०२४ मध्ये इरादापत्र देणाऱ्यांत आपला देशही.

दगडावरचं काही बदलायचं की नाही, या प्रश्नाचं एक उत्तर एका माणसानं १९७० मध्येच छिन्नी-हातोड्यानं देऊन पाहिलं होतं. मॅरेथॉनच्या दरवाजाशी १९३६ च्या विजेत्यांची नावं कोरलेली आहेत. मॅरेथॉनपुढे लिहिलं आहे : सोन, जपान. सोन की-चुंग कोरियन होता. त्याचा देश जपाननं गिळलेला होता, म्हणून त्याला जपानी उच्चाराच्या नावानं आणि जपानी झेंड्याखाली धावावं लागलं. पदक घेताना त्यानं मान खाली घातली आणि विजेत्याला मिळालेलं ओकचं रोप छातीशी धरून शर्टावरचा जपानी झेंडा झाकला. त्याच्या देशातल्या एका वृत्तपत्रानं छायाचित्रातला तो झेंडाच पुसून टाकला, आणि त्यापायी पत्रकार तुरुंगात गेले. १९७० मध्ये दक्षिण कोरियाच्या संसदेचा एक सदस्य रात्री स्टेडियममध्ये शिरला, त्यानं ‘जपान’ खरवडून काढलं आणि तिथं ‘कोरिया’ कोरलं. पश्चिम बर्लिनच्या अधिकाऱ्यांनी पुढे ते बुजवून पुन्हा ‘जपान’ केलं. १९८८ मध्ये सोलच्या ऑलिम्पिकला मशाल घेऊन मैदानात आलेला म्हातारा सोन आनंदानं उड्या मारताना जगानं पाहिला. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या संकेतस्थळावर त्याच्या कोरियन असण्याचा खुलासा आहे. २००४ च्या नूतनीकरणात दगड धुतले, सांधे भरले, छप्पर आलं. अक्षरं तशीच ठेवली.